अडलेला घास : दुर्बिणीची शस्त्रक्रिया श्रेष्ठ की यंत्रहस्ताची?

घास गिळणे ही क्रिया आपण दिवसातून शेकडो वेळा करतो. परंतु तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पानावर बसावे, वरणभाताचा घास तोंडात घालावा, चावावा आणि तो घशाखाली उतरावा, इतके ते सोपे वाटते. परंतु काही माणसांच्या नशिबी हे साधे सुखही नसते. घास गळ्याखाली उतरतो आणि छातीच्या मध्यभागी येऊन अडतो. वर पाणी प्यावे तर तेही साचून राहते. पंगत उठते, तरी हा मनुष्य अर्ध्या पानावरच असतो. घरची माणसे म्हणतात, 'खाण्याची नाटके करतो.' पुढेपुढे तो चारचौघांत जेवायलाच बसेनासा होतो. अशा एका विकाराचा आणि त्यावरील शस्त्रक्रियेच्या दोन पद्धतींचा परिचय या लेखात करून द्यावा, असा आमचा हेतू आहे. या विकाराला वैद्यकात 'अकॅलेझिया' म्हणतात. 'सैल न होणे' असा या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. काय सैल व्हावयास हवे आणि ते का होत नाही, हे समजले की पुढचे सारे समजण्यास सोपे जाईल.

घास उतरतो कसा?

घसा आणि जठर यांना जोडणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी म्हणजे अन्ननलिका. अन्न तिच्यातून केवळ आपल्या वजनाने खाली पडते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. ओढ्यावर पाणी पिणारा बैल पाहा. त्याचे तोंड खाली आणि पोट वर असते. तरीही पाणी चढ चढून पोटात जाते. याचे कारण असे की, अन्ननलिकेच्या भिंतीतील वर्तुळाकार स्नायू वरून खाली क्रमाने आवळत जातात आणि अन्नाला पुढे ढकलतात. या लाटेला 'क्रमसंकोच' म्हणतात. माणसात ही लाट घशापासून जठरापर्यंत साधारणपणे आठ ते दहा सेकंदांत पोहोचते.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, जेथे ती जठरास मिळते तेथे, तीन-चार सेंटिमीटर लांबीचा स्नायूंचा एक पट्टा असतो. त्यास आपण द्वारपाल म्हणू. एरवी हा द्वारपाल दार घट्ट लावून बसतो, म्हणून जठरातील आंबट रस वर येत नाही. घास गिळताच मात्र तो सैल होतो, दार उघडते आणि घास आत गेल्यावर ते पुन्हा मिटते. त्याला हुकूम देणारे मज्जातंतूंचे जाळे अन्ननलिकेच्या भिंतीतच, स्नायूंच्या दोन थरांच्या मध्ये पसरलेले असते. लिओपोल्ड आउअरबाख या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले आहे. या जाळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार 'आवळ' असा संदेश देतो, तर दुसरा 'सैल सोड' असा.

दार उघडत नाही तेव्हा

अकॅलेझियात 'सैल सोड' म्हणणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. 'आवळ' म्हणणाऱ्या पेशी मात्र पुष्कळ काळ शिल्लक राहतात. परिणाम उघड आहे. द्वारपाल दार सोडत नाही आणि वरच्या नळीतील सुसूत्र लाटही नाहीशी होते. अन्न नळीत साचते, नळी फुगत जाते आणि कित्येक वर्षांनी ती एखाद्या पिशवीसारखी होते. या पेशी का मरतात, याचे पूर्ण उत्तर अद्याप मिळालेले नाही. दक्षिण अमेरिकेत मात्र एका कीटकाच्या द्वारे पसरणाऱ्या परजीवी जंतूमुळे हुबेहूब हीच अवस्था होते. ब्राझीलचे डॉक्टर कार्लोस शागास यांनी १९०९ साली त्या रोगाचे वर्णन केले. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. इतरत्र आढळणारा अकॅलेझिया हा त्या जंतूमुळे होत नाही.

हा विकार विरळा आहे. लाखभर लोकवस्तीत वर्षाला सुमारे एकास तो नव्याने होतो. स्त्रीपुरुष दोघांनाही तो होतो आणि कोणत्याही वयात होऊ शकतो. विरळा असल्यामुळे तो चटकन ओळखला जात नाही. पुष्कळ रोग्यांवर आधी 'पित्त' समजूनच वर्षानुवर्षे उपचार होतात. येथे एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पित्ताच्या विकारात वर येणारे पाणी आंबट, घसा जाळणारे असते. अकॅलेझियात उलटून येणारे अन्न बहुधा आंबट नसते. कारण ते जठरापर्यंत गेलेलेच नसते! घन अन्नाबरोबर पाणीही अडणे, रात्री झोपेत अन्न उशीवर येणे, त्याने ठसका लागणे आणि वजन उतरत जाणे, ही या विकाराची इतर लक्षणे होत. साचलेले अन्न श्वासनलिकेत गेले, तर फुफ्फुसाचा दाह होतो. म्हणून हा केवळ गैरसोयीचा विकार नव्हे.

निदानासाठी तीन परीक्षा करतात. रोग्यास बेरियमचे पांढरे द्रावण पाजून क्ष-किरणांचे चित्र घेतले, की वर फुगलेली आणि खाली निमुळती झालेली नळी पक्ष्याच्या चोचीसारखी दिसते. दाब मोजणारी बारीक नळी नाकावाटे आत सोडली, की द्वारपाल सैल होतो की नाही हे आकड्यांत कळते. तिसरी परीक्षा तोंडावाटे दुर्बीण घालून करावयाची. ती टाळून चालत नाही, कारण क्वचित कर्करोगाची गाठही असेच सोंग घेते.

देवमाशाच्या हाडापासून हेलरच्या सुरीपर्यंत

या विकाराचे पहिले प्रसिद्ध वर्णन टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७४ साली केले. त्याच्या एका रोग्याच्या पोटात अन्न जाईनाच. विलिसने देवमाशाच्या लवचिक हाडाची काडी घेतली आणि तिच्या टोकास स्पंज बांधला. जेवण झाले, की रोग्याने ती घशातून आत सारून अन्न खाली ढकलावयाचे! त्या मनुष्याने पंधराएक वर्षे याच रीतीने पोट भरले, असे नमूद आहे. उपाय अघोरी खरा. पण त्यामागील विचार बरोबर होता. दोष दाराशी आहे, म्हणून दार उघडले पाहिजे, हे त्याने ओळखले.

१९१३ साली जर्मनीतील लाइपझिग येथे अर्न्स्ट हेलर या शल्यविशारदाने हाच विचार सुरीने अमलात आणला. द्वारपालाचा स्नायू उभा चिरावयाचा, मात्र त्याच्या आतील नाजूक अस्तर, म्हणजे श्लेष्मकला, अभंग ठेवावयाची, अशी त्याची युक्ती होती. कापडाच्या पिशवीला आतून रेशमी अस्तर असावे आणि बाहेरचे जाड कापड तेवढे उसवावे, तसे हे काम आहे. कापड उसवले की अस्तर फुगून बाहेर येते आणि तोंड रुंद होते. अस्तरालाच भोक पडले तर मात्र घात! हेलरने पुढे आणि मागे अशा दोन चिरा दिल्या होत्या. पुढील दहा वर्षांतच हॉलंडमधील शल्यविशारदांनी पुढची एक चीर पुरते असे दाखवले. तीच रीत आजही चालू आहे. अन्ननलिकेवर सुमारे सहा आणि जठरावर दोन-तीन सेंटिमीटर इतकी ती चीर असते.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. मेलेल्या पेशी या शस्त्रक्रियेने जिवंत होत नाहीत आणि हरवलेली लाटही बहुधा परत येत नाही. दाराचा अडसर तेवढा दूर होतो. मग अन्न आपल्या वजनाने खाली उतरते. दार कायमचे सैल झाल्यामुळे जठररस वर येण्याचा धोका निर्माण होतो. यास्तव जठराचा वरचा भाग चिरेवरून दुमडून टाक्यांनी बसवतात, म्हणजे एक झडप तयार होते. या झडपेचा उपयोग २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात उत्तम दिसून आला. झडप न केलेल्यांपैकी ४७.६ टक्के रोग्यांत जठररस वर येत असे. झडप केलेल्यांत हे प्रमाण अवघे ९.१ टक्के होते.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया

पूर्वी या कामासाठी पोट किंवा छाती मोठी चीर देऊन उघडावी लागे. लॅपरोस्कोपीने हे चित्र पालटले. आपल्याकडे लोक तिला 'दुर्बिणीची शस्त्रक्रिया' म्हणतात. पोटावर पाच लहान छिद्रे पाडावयाची, आत कार्बन डायऑक्साइड वायू भरून उदरपोकळी तंबूसारखी उभी करावयाची, एका छिद्रातून प्रकाश व कॅमेरा आणि बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारे घालावयाची, असा तिचा प्रकार आहे. एरिक म्यूहे या जर्मन शल्यविशारदाने १९८५ साली या रीतीने पित्ताशय काढले. भारतात ही शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी प्रथम केली, ही आपणा मराठी वाचकांना अभिमानाची गोष्ट होय. अकॅलेझियावरील हेलरची शस्त्रक्रिया १९९१ च्या सुमारास ब्रिटनमध्ये प्रथम दुर्बिणीने झाली आणि थोड्याच वर्षांत तीच सर्वमान्य पद्धत ठरली. वेदना कमी, जखमा लहान, एक-दोन दिवसांत घरी, असे तिचे लाभ आहेत.

परंतु ती करणाराच्या अडचणी लक्षात घ्या. होडीचे वल्हे आठवा. मूठ डावीकडे नेली की पाते उजवीकडे जाते. पोटाच्या भिंतीतून जाणाऱ्या हत्याराचेही तसेच होते. शिवाय हत्यार सरळसोट असते, त्याला मनगट नसते. बहुतेक ठिकाणी पडद्यावरचे चित्रही सपाट असते. त्यात खोली दिसत नाही. खोल बरणीच्या तळाशी असलेली वस्तू लांब चिमट्याने धरावी आणि आरशात पाहत धरावी, तितके ते अवघड आहे. अशा स्थितीत अवघ्या काही मिलिमीटर जाडीचा स्नायू कापावयाचा आणि अस्तराला धक्का लावावयाचा नाही!

यंत्रहस्त

'रोबो' हा शब्द ऐकताच, आपल्या बुद्धीने चालणारा लोखंडी माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला; त्याचे मूळ वेठबिगार या अर्थाच्या शब्दात आहे. शस्त्रक्रियेतील रोबो हा खरोखर वेठबिगारच आहे. तो स्वतः काहीही ठरवीत नाही. शल्यविशारद काही अंतरावर एका मंचकाशी बसतो, दोन डोळ्यांनी आतील खोलीसह विस्तारलेले चित्र पाहतो आणि बोटांनी मुठी हलवतो. रोग्याजवळील यंत्राचे हात त्याच क्षणी तीच हालचाल करतात. म्हणून आम्ही त्यास यंत्रमानव न म्हणता यंत्रहस्त म्हणतो.

'दा विंची' या यंत्रास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली पोटातील शस्त्रक्रियांसाठी परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी त्याने केलेल्या हेलरच्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. 'मंत्र' नावाचा यंत्रहस्त तर भारतातच तयार झाला आहे. यंत्रहस्ताचे गुण तीन. त्याच्या हत्यारांना मनगटासारखे सांधे असतात, म्हणून ती पोटात वळतात. हाताचा बारीक कंप यंत्र गाळून टाकते. हाताची तीन सेंटिमीटरची हालचाल टोकाशी एक सेंटिमीटर करावी, अशी योजनाही त्यात करता येते. उणिवाही आहेत. यंत्र फार महाग असते, त्याची ठरावीक हत्यारे ठरावीक वापरानंतर बदलावी लागतात आणि मांडणीस वेळ लागतो. बहुतेक यंत्रांत हाताला स्पर्शाची जाणीव मिळत नाही. ऊतक किती ताणले गेले हे डोळ्यांनीच ओळखावे लागते. ही जाणीव देणारी यंत्रे अलीकडे येऊ लागली आहेत.

तुलना कशी करावी?

आता मुख्य प्रश्न. दोहोंत श्रेष्ठ कोणती? उत्तरापूर्वी आपण दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : कोणत्या बाबतीत श्रेष्ठ?

अमेरिकेतील काही संस्थांनी मिळून केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात १२१ रोगी होते. ५९ जणांवर यंत्रहस्ताने आणि ६२ जणांवर दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली होती. दुर्बिणीच्या गटात १६ टक्के रोग्यांच्या अस्तराला छिद्र पडले; यंत्रहस्ताच्या गटात एकाच्याही नाही. हा आकडा वाचून यंत्रहस्ताचा जयजयकार करावासा वाटेल. पण त्याच अभ्यासातील पुढचा आकडा पाहा. दीड-दोन वर्षांनंतर गिळण्याचा त्रास दूर झालेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ९० ते ९२ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. याचा मेळ कसा घालावा? शस्त्रक्रिया चालू असता छिद्र दिसले, तर ते तेथेच टाक्यांनी शिवता येते आणि बहुतेक रोगी त्यातून सुखरूप बाहेर पडतात. नजरेतून निसटलेले छिद्र मात्र जिवावर बेतू शकते. म्हणून छिद्र न पडणे हा लाभ खराच आहे. परंतु तो शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेचा लाभ आहे, अधिक चांगले गिळता येण्याचा नव्हे.

आणखी एक विचार. हे रोगी चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलेले नव्हते. कोणत्या रोग्यावर कोणती पद्धत वापरली, कोणाच्या हाताला किती सराव होता, याचा परिणाम आकड्यांवर होऊ शकतो. एका शेतात नवे बी आणि नवा कष्टाळू गडी असे दोन्ही एकाच वर्षी आले व पीक वाढले, तर श्रेय बियाण्याचे की गड्याचे, हे कसे सांगणार? चिठ्ठ्या टाकून केलेल्या मोठ्या तुलनेत असा संशय बराच दूर होतो. या दोन शस्त्रक्रियांच्या बहुतेक तुलना मात्र मागाहून नोंदी तपासून केलेल्या आहेत. २०१२ साली अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या अडीच हजारांहून अधिक रोग्यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा मृत्यू व गुंतागुंती यांत दुर्बीण आणि यंत्रहस्त यांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. खर्च मात्र यंत्रहस्ताचा अधिक होता.

वेळेचेही असेच. २००५ च्या अभ्यासात आरंभी यंत्रहस्ताला अधिक वेळ लागला. पुढे सराव वाढला तसा शेवटच्या तीस शस्त्रक्रियांत फरक उरला नाही. यावरून काय दिसते? यंत्र कितीही उत्तम असले, तरी सरावाला पर्याय नाही.

आणखी दोन वाटा

निवड केवळ या दोहोंतच आहे, असेही नाही. तोंडावाटे फुगा घालून, तो ३० ते ४० मिलिमीटर व्यासापर्यंत फुगवून द्वारपाल ताणण्याची जुनी रीत अजून टिकून आहे. युरोपात २०१ रोग्यांना चिठ्ठ्या टाकून वाटून तिची दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेशी तुलना केली, तिचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर यश फुग्याने ८६ टक्के आणि शस्त्रक्रियेने ९० टक्के आढळले; संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ग्राह्य धरण्याजोगा नव्हता. मात्र फुग्याचा उपचार कित्येकांवर पुन्हा करावा लागतो. दुसरी वाट जपानच्या डॉ. हारुहिरो इनोउए यांनी २००८ साली काढली. तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या भिंतीतच बोगदा करावयाचा आणि आतूनच स्नायू कापावयाचा, म्हणजे पोटावर एकही छिद्र नको! २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत तिचे यश दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेइतकेच ठरले. परंतु या रीतीत झडप बांधली जात नाही. म्हणून दोन वर्षांनंतर जठररसाने अन्ननलिकेचा दाह झालेले रोगी तिच्यात ४४ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर २९ टक्के आढळले. प्रत्येक वाटेला तिचे तिचे काटे आहेत.

उपसंहार

समजा, आपल्याच घरी कोणास हा विकार झाला. गावच्या जवळ अनुभवी शल्यविशारद दुर्बिणीने ही शस्त्रक्रिया नित्य करीत आहे आणि दूरच्या शहरी नवे कोरे यंत्र आले आहे. वडिलांनी दागिने मोडून यंत्राकडे धाव घ्यावी काय? आमचे उत्तर असे : आधी विचारावे की, ही शस्त्रक्रिया आपण किती वेळा केली आहे, अस्तराला छिद्र किती वेळा पडले, ते त्याच वेळी ध्यानात आले काय आणि झडप कोणत्या प्रकारची करता. हे प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर त्यांचे स्वागतच करील. पूर्वी एकदा शस्त्रक्रिया झाली असून ती पुन्हा करावी लागत असेल, आत ऊतके चिकटून बसली असतील, तर यंत्राच्या मनगटाचा उपयोग अधिक होईल, असे पुष्कळ शल्यविशारदांना वाटते. पहिल्याच साध्या शस्त्रक्रियेत मात्र यंत्र नाही म्हणून कोणी हताश होण्याचे कारण नाही.

विद्यार्थिमित्रांनो, विलिसची काडी, हेलरची सुरी, दुर्बीण आणि यंत्रहस्त ही सारी एकाच दाराची चार साधने होत. साधन बदलत गेले. पण अडलेला घास उतरवावा आणि तसे करताना आतील नाजूक अस्तर जपावे, हे ध्येय बदलले नाही. नवे म्हणून श्रेष्ठ, असेही नव्हे आणि जुने म्हणून टाकाऊ, असेही नव्हे. काय मोजले, कोणात मोजले आणि कसे मोजले, हे विचारूनच मत बनवावे. आणि पंगतीत कोणी घास घेऊन अडखळताना दिसला, तर हसू नये. त्याला पाण्याचा पेला द्यावा, सावकाश जेवू द्यावे आणि त्रास वरचेवर होत असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास सांगावे.

विचार करा

१. बैल मान खाली घालून पाणी पितो, तरी ते पोटात कसे जाते?
२. अकॅलेझियात उलटून आलेले अन्न आंबट का नसते?
३. अस्तराला छिद्र पडण्याचे प्रमाण भिन्न असूनही दोन्ही गटांत गिळण्याचे यश सारखे का आले?
४. चिठ्ठ्या टाकून रोगी वाटले, तर तुलनेवरचा विश्वास का वाढतो? शेतातील एखादे उदाहरण स्वतः शोधून लिहा.